साखरेचा जमाखर्च

पहिल्या महिन्याचा हिशेब माझ्या डायरीत अजून आहे. पॅकेज तपासणी २,४९९. डॉक्टर ८००. औषधं १,५४०. ग्लुकोमीटर आणि पन्नास स्ट्रिप्स १,८५०. दंडावर चिकटवायचा सेन्सर ४,९००. शेवटच्या ओळीत 'डायबेटिक' पीठ, शुगरफ्री बिस्किटं आणि कारलं-जांभूळ रस मिळून १,७२०. बेरीज तेरा हजार तीनशे नऊ. रिपोर्टवर एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.१ छापून आल्यावर माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाला काहीही विकता येतं.

गेल्या अख्ख्या वर्षाचा खर्च साडेचौदा हजार झाला. साखर आता ६.८ वर आहे. मधल्या चार वर्षांत हिशेबातून काय गळलं आणि काय नव्याने आलं, ते सांगतो. दर पुण्यातले आहेत. तुमच्या गावी थोडे इकडेतिकडे असतील.

आधी मोजपट्टी

तपासणी कुणी करावी, याचं उत्तर लॅबच्या आधी शिंप्याची टेप देते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी गुणपत्रक तयार केलं आहे, त्यात रक्ताचा थेंबही लागत नाही. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नास आणि पुढे ३०. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत शून्य, ९० ते ९९ असेल तर १०, शंभर आणि वर २०. बायकांसाठी हेच टप्पे दहा सेंटिमीटरने अलीकडे. बैठं काम आणि व्यायाम नाही, तर ३०. व्यायाम किंवा अंगमेहनतीचं काम यांपैकी एकच असेल तर २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज साठ किंवा जास्त झाली की धोका मोठा, रक्त तपासून घ्यायचं. निदान झालं तेव्हा मी ४७ वर्षांचा, कंबर ९६, दिवसभर खुर्ची आणि आईला मधुमेह. माझे सत्तर भरले असते. कुणी मोजलेच नाहीत.

कंबरेला एवढं महत्त्व का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे बरेच खर्च त्याच्याशी बांधलेले आहेत. मध्यमवयात येणारा हा मधुमेह बहुतेकदा दुहेरी असतो. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला जुमानेनासे होतात, आणि ते भरून काढता काढता स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकत जातात. यकृतात आणि पोटाच्या आत साठलेली चरबी ही त्यातली मोठी खलनायिका. आणि ती वजनकाट्यावर दिसेलच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. 'मी तर बारीक आहे, मला कसला डायबेटिस' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा फोटो दाखवावा. याज्ञिकांच्या पुणे परिसरातल्या खेड्यांमधल्या अभ्यासात तर आपली नवजात बाळंसुद्धा वजनाने हलकी पण चरबी राखून असलेली आढळली. तेव्हा दोष सगळा जिलबीचा नाही. घराणं, आईच्या पोटातलं पोषण, स्नायूंची कमतरता, बैठी नोकरी, गरोदरपणात वाढलेली साखर, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स असं बरंच काही या खात्यावर जमा असतं.

लॅबमध्ये काय मागायचं

निदानाला लागतं ते थोडकंच. उपाशीपोटी १२६ किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्यांदा खात्री करायची. फास्टिंग (उपाशीपोटी) आणि पीपी (जेवणानंतरची) मिळून दीड-पावणेदोनशे रुपये, एचबीए१सी चारशे ते सहाशे.

निदान झाल्यावर वर्षातून एकदा लिपिड प्रोफाइल (सहाशेच्या आसपास), क्रिएटिनिन (दोनशे) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (पाचशेच्या आसपास). शेवटची तपासणी डॉक्टर विसरले तर आपण आठवण करायची. मूत्रपिंडाचं दुखणं क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी तिथे दिसतं, आणि त्याच टप्प्यावर स्वस्त गोळ्यांनी आवरता येतं. बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, साधारण पाचशे. चष्म्याच्या दुकानातली नंबर-तपासणी म्हणजे ही नव्हे.

माझ्या २,४९९ च्या पॅकेजमध्ये त्र्याऐंशी चाचण्या होत्या. त्यात लघवीचं अल्ब्युमिन नव्हतं. होतं ते अॅमायलेज, सहा प्रकारची जीवनसत्त्वं आणि फास्टिंग इन्सुलिन, ज्याचं डॉक्टरांनी काहीच केलं नाही. पॅकेजमध्ये चाचण्या किती हे मोजू नका, तुम्हाला हव्या त्या आहेत का ते बघा.

एचबीए१सी दर महिन्याला करणं म्हणजे पैसे उडवणं. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. आकडा दोन-तीन महिन्यांच्या सरासरीची गोष्ट सांगतो. औषध बदललं असेल तर तीन महिन्यांनी, सगळं ठीक चाललं असेल तर सहा महिन्यांनी. आणखी एक मेख: लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईच्या एचबीए१सीवर औषध वाढवण्याआधी फास्टिंग-पीपी बघायला सांगावं.

गोळ्या: इथे खरा पैसा वाचतो

मेटफॉर्मिन. १९५७ पासून माणसांना दिलं जातंय, आणि आजही बहुतेकांची पहिली गोळी तीच. ५०० मिलिग्रॅमची गोळी दुकानात दोन-तीन रुपयांना, सरकारी जनऔषधी केंद्रात त्याच्या निम्म्यालाही नाही. दिवसाला दोन घेतल्या तरी महिन्याला दीडशेच्या आसपास. पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं. जेवणाबरोबर घ्यायची, आणि त्रास टिकला तर हळूहळू विरघळणारी 'एसआर' मागायची. वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ कमी पडू शकतं, शाकाहारी घरात जास्तच. हातापायाला मुंग्या येत असतील तर बी१२ ची तपासणी करावी, ती मात्र वायफळ नाही.

माझं १,५४० चं औषध काय होतं? सिटाग्लिप्टिन ५० आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र, एका नामांकित ब्रँडचं, दिवसाला दोन. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ च्या जुलैत संपलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जनऔषधीने हीच जोडगोळी दहाच्या पाकिटाला ६५ रुपये दराने आणली. तेव्हा बाजारातली नावाजलेली पाकिटं १६० ते २५८ रुपयांच्या दरम्यान होती. महिन्याला सहा पाकिटं. एकीकडे ३९०, दुसरीकडे ९६० ते १,५४८. वर्षाचा फरक सहा-सात हजारांपासून जवळजवळ चौदा हजारांपर्यंत जातो.

मी पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो.

"हेच दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं आहे का?"

"आहे ना काका. पण चिठ्ठीवर हे नाव लिहिलंय. मला बदलून देता येत नाही."

तो बरोबर होता. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर दुकानदाराने आपल्या मनाने बदलून द्यायचा नाही असा नियम आहे. म्हणून बोलायचं ते दवाखान्यात, चिठ्ठी लिहिली जात असताना: "डॉक्टर, घटकाचं नाव लिहून द्याल का? मी जनऔषधीतून घेणार आहे." बहुतेक डॉक्टर देतात. नाही म्हणाले तर कारण विचारायचं. कधीकधी खरंच असतं. जनऔषधीच्या प्रत्येक बॅचची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते. तिथली खरी अडचण निराळी: 'काका, पुढच्या आठवड्यात येईल.' म्हणून गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी जायचं. 'जनऔषधी सुगम' नावाचं अॅप जवळचं केंद्र दाखवतं.

सगळ्यात मोठी उलथापालथ एम्पाग्लिफ्लोझिनमध्ये झाली. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं, तोवर गोळी साठ रुपयांच्या घरात होती, म्हणजे महिना अठराशे. पेटंट संपल्याबरोबर डझनावारी कंपन्या उतरल्या आणि काहींनी १० मिलिग्रॅमची गोळी सहा रुपयांच्याही खाली आणली. जुनी चिठ्ठी तशीच गिरवत बसलेली माणसं अजूनही जुना ब्रँड जुन्या भावाने घेताना मी पाहिली आहेत. तुम्ही चार वर्षांपूर्वीचीच चिठ्ठी चालवत असाल तर एकदा प्रत्येक घटकाचा आजचा भाव बघाच. डापाग्लिफ्लोझिन याच कुळातलं, त्याचं पेटंट २०२० मध्येच गेलं. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय दुबळं झालेल्यांना आणि मूत्रपिंडावर परिणाम सुरू झालेल्यांना साखरेपलीकडेही फायदा देतात, त्यामुळे तिथे 'महाग आहे' म्हणून टाळू नयेत. गुप्तांगाला बुरशीचा त्रास होऊ शकतो. लाजून गप्प बसू नये, उपाय साधा आहे. ऑपरेशन ठरलं असेल किंवा निर्जळी उपास करणार असाल तर ही गोळी आधी काही दिवस बंद करावी का, हे डॉक्टरांना विचारायचं.

ग्लिमेपिराइड स्वस्त आणि जोरकस. पण ते स्वादुपिंडाला चाबूक मारतं, पोटात अन्न असो नसो. आषाढीला सकाळची गोळी घेऊन दुपारपर्यंत काही न खाणाऱ्या आजोबांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय. उलट बाजूने, 'उपास आहे' म्हणून साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि भगर हाणली तर साखर तीनशेला जाते. उपासाचा बेत आधी डॉक्टरांना सांगितला तर गोळी कमी-जास्त करून मिळते. त्याला पैसे पडत नाहीत.

साखरेच्या गोळीइतकीच महत्त्वाची दोन औषधं लोक 'जादाची' म्हणून सोडतात: कोलेस्टेरॉलची अॅटोर्वास्टॅटिन आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टन. दुकानात पाच ते आठ रुपये गोळी, जनऔषधीत एक-सव्वा रुपया. मधुमेही माणसाला सगळ्यात जास्त भीती हृदयविकाराची आणि पक्षाघाताची असायला हवी, आणि या रुपया-रुपयाच्या गोळ्या तिथे कामाला येतात. डॉक्टरांनी लिहिल्या असतील तर हिशेबातून कापायच्या नाहीत.

आठवड्याला एक इंजेक्शन, वजनही उतरवतं, याची चौकशी हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा होते. टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा सर्वात छोट्या मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांची होती. चार आठवड्यांचे चौदा हजार, आणि मात्रा पुढे वाढते. औषध प्रभावी आहे यात वाद नाही. पण बंद केलं की वजन बरंचसं परत येतं. तेव्हा एका महिन्याचा भाव विचारू नका. दोन-तीन वर्षं झेपेल का ते बघून मगच सुरू करा.

सुईची भीती, सुईचा खर्च

इन्सुलिन म्हणजे शेवट, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट. ब्रिटनच्या मोठ्या यूकेपीडीएस अभ्यासात दिसलं की निदानाच्या वेळीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम निम्म्यावर आलेलं असतं. वर्षं जातील तशी बाहेरून भर घालावी लागली तर त्यात रुग्णाचा अपराध नाही.

साधं ह्युमन इन्सुलिन, दहा मिलिलिटरची बाटली, ४० युनिटवालं: दीडशेच्या आसपास. तिच्यात चारशे युनिट असतात. रोज वीस लागत असतील तर वीस दिवस पुरते. पेनमध्ये बसणारं नव्या जातीचं इन्सुलिन याच्या कैकपट महाग. ग्लार्जिनचा २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत समावेश झाल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. रात्री साखर कोसळणाऱ्यांना त्याचा उपयोग जास्त. बाकीच्यांचं काम बाटलीवर चालतं.

इथे एक चूक जिवावर बेतू शकते. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटवाल्याला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते. दुकानातून निघण्यापूर्वी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा. न उघडलेली बाटली फ्रीजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. फ्रीज नसेल तर मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात प्लॅस्टिकच्या डब्यात बाटली ठेवतात, वैशाखातही चालतं.

यंत्रं आणि दंडावरचं बटण

ग्लुकोमीटरचा धंदा प्रिंटरसारखा आहे: यंत्र जवळजवळ फुकट, शाई महाग. एक स्ट्रिप पंधरा ते पंचवीस रुपये. म्हणून यंत्र घेताना यंत्राचा नव्हे, स्ट्रिपचा भाव विचारा आणि ती आपल्या गावात मिळते का ते बघा. सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे; बिलात बघून घ्या. लॅबमध्ये १३६ आणि घरी १४८ आलं म्हणून यंत्र खराब नसतं. पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक प्रमाणित यंत्रालाही मान्य आहे.

फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्याने रोज बोट टोचायची गरज नाही. मी वर्षाला शंभर स्ट्रिप्स वापरतो, त्याही जोड्यांनी: एखादा पदार्थ खाण्याआधी एक, दोन तासांनी एक. त्यातूनच कळलं की 'भाकरीने साखर वाढत नाही' ही आमच्या घरातली श्रद्धा होती. एक दिवस बायकोने भाकरीचं पीठ तराजूत टाकलं. ७५ ग्रॅम भरलं. आमच्या फुलक्याला पंचवीस लागतं. म्हणजे एक भाकरी तीन फुलक्यांची, आणि मी दोन खात होतो. भाकरी चांगलीच आहे, पण एक. 'डायबेटिक' पिठाची पिशवी त्या दिवसापासून पुन्हा आली नाही. पीठ कुठलंही असो, त्यात स्टार्चच असतो.

दंडावरचा सेन्सर चौदा दिवस टिकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना, रात्री साखर उतरणाऱ्यांना तो वरदान आहे. मला तो पंधरा दिवसांची करमणूक ठरला.

'मुळापासून बरा' करणारे

वीस हजारांपासून लाखापर्यंतची 'रिव्हर्सल' पॅकेजेस विकली जातात. त्यामागचं शास्त्र खोटं नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत निदान होऊन सहा वर्षं न उलटलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांचं वजन पंधरा किलो उतरलं त्यांच्यात प्रमाण कितीतरी जास्त. त्यामुळे पॅकेजवाल्याला विचारायचं: माझं निदान होऊन बारा वर्षं झाली, वजन ५८ किलो, तरी जमेल का? आणि दोन वर्षांनी साखर परत आली तर? गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करायला सांगणाऱ्याकडून उठून यावं.

वजन उतरवायला पॅकेजच लागतं असंही नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत फुकट आहे. सगळ्या आहारतज्ज्ञांना ती पटत नाही, आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्रा न बदलता ती सुरू केली तर साखर धोकादायक उतरू शकते. पण औषधं आटोपशीर असणाऱ्या माझ्या काही मित्रांनी तिच्यावर आठ-दहा किलो उतरवले.

सरकारी दार आणि विमा

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, तिशीपुढच्यांची साखर तपासणीही होते. गर्दीची तयारी ठेवायची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, पण ते दाखल व्हायच्या उपचारांना. महिन्याच्या गोळ्यांना नाही. डायलिसिसची वेळ आली तर जिल्हा रुग्णालयातल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आधी चौकशी करा. खासगीत एका वेळेचे दीड-दोन हजार जातात, आणि आठवड्याला दोन-तीन वेळा.

विम्याच्या अर्जात मधुमेह लपवू नका. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तीन वर्षं थांबणं परवडतं, दावा फेटाळला जाणं परवडत नाही.

पाय

दवाखान्यात चपला-मोजे काढायला सांगणारा डॉक्टर मिळाला तर सोडू नका. नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याला स्पर्श करून संवेदना बघतात, दोन मिनिटांचं काम. मधुमेहाने संवेदना गेलेली असते तेव्हा नेमकं काहीच दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. मग देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारी प्रदक्षिणा होते, वारीत अनवाणी चालणं होतं, आणि फोड आलाय हे घरी मोज्याला डाग दिसल्यावर कळतं. दाखवायचा त्याच दिवशी. घरी हळद लावून आठवडा काढलेल्या जखमेचं बिल लाखात गेलेलं मी जवळच्या नात्यात पाहिलंय.

रोज रात्री दोन मिनिटं तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर दाढीचा आरसा ठेवून. मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल सहाशे ते पंधराशेत मिळते, घरातही घालायची. आणि ती संध्याकाळी विकत घ्यायला जायचं, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. सकाळी बेताची बसलेली चप्पल संध्याकाळी चावते.